मुगाचं प्रमाणित बियाणं आणि तीन थरांची पिशवी: भुंगेऱ्याच्या कसोटीवर

मृग तोंडावर आला की जळगाव, अमळनेर, शिरपूर, शहाद्याच्या कृषी सेवा केंद्रांत मुगाच्या थैल्यांची थप्पी लागते. बीएम २००३-२, बीएम २००२-१, उत्कर्षा, वैभव ही नावं खान्देशात नवी नाहीत. उन्हाळी पेऱ्याचा विषय निघाला की कानपूरच्या भारतीय कडधान्य संशोधन संस्थेच्या विराटचंही नाव येतं. कोणता वाण किती क्विंटल देतो याची तुलना इथे केलेली नाही. ते गणित जमीन, पाऊस आणि पेरणीची तारीख ठरवते, थैली नाही. इथे कसोटी एकच आहे: निळ्या टॅगची ही थैली किडीपुढे किती टिकते? शेतात, आणि त्याहून जास्त काढणीनंतर कोठीत. सोबत धान्य साठवायची तीन थरांची हवाबंद पिशवीही तपासली आहे, कारण दाण्यात जे नाही ते शेवटी पिशवीकडून करून घ्यावं लागतं.

टॅग काय सांगतो

संशोधकाकडच्या मूळ म्हणजे पैदासकार बियाण्याचा टॅग सोनेरी पिवळा, त्यापासून वाढवलेल्या पायाभूतचा पांढरा, त्यापुढच्या प्रमाणितचा निळा आणि सत्यप्रतचं लेबल पोपटी. शेतकऱ्याच्या हातात बहुतेक निळा किंवा पोपटी येतो. निळ्याला बीज प्रमाणीकरण यंत्रणेची तपासणी असते, पोपटीत विकणाऱ्याचा शब्द असतो. मुगाच्या प्रमाणित बियाण्याला भौतिक शुद्धता किमान ९८ टक्के, उगवण किमान ७५ टक्के आणि साध्या थैलीत ओलावा जास्तीत जास्त ९ टक्के हवा. ओल न शिरणाऱ्या पाकिटात असेल तर ८ टक्के. तपासणीच्या तारखेपासून मुदत नऊ महिन्यांची. ही तारीख न पाहता थैली उचलू नये.

७५ टक्के हा आकडा ऐकायला कमी वाटतो, पण हिशेब करून पाहा. मुगाच्या हजार दाण्यांचं वजन साधारण ३५ ग्रॅम. एकराला लागणाऱ्या ६ किलोत सुमारे १ लाख ७१ हजार दाणे बसतात. ३० बाय १० सेंमी अंतराने एकराला १ लाख ३५ हजारांच्या आसपास झाडं हवीत. ७५ टक्के उगवण झाली तर १ लाख २८ हजार मिळतात, म्हणजे जेमतेम. ८५ टक्के उगवणीचं बी असेल तर तेच ६ किलो पुरून उरतं. म्हणून टॅगवरची किमान मर्यादा वाचून समाधान मानू नका. १०० दाणे ओल्या गोणपाटात किंवा शोषकागदात ठेवा आणि सातव्या दिवशी मोजा. शक्य असेल तर १०० चे चार गट करा, एका गटावर निकाल देऊ नका.

आता किडीचा आकडा. कडधान्याच्या बियाण्यात कीड लागलेले दाणे १ टक्क्यापर्यंत चालतात. ६ किलोत हा १ टक्का म्हणजे १,७०० दाणे. शिवाय तपासणीत भोक पडलेला किंवा खाल्लेला दाणाच मोजला जातो. ज्याच्या आत अळी आहे पण भोक पडलेलं नाही, तो दाणा डोळ्यांना निरोगी दिसतो. टॅग खोटं बोलत नाही, पण त्याची नजर सालीपर्यंतच जाते.

'प्रतिकारक' हा शब्द कोणासाठी?

माहितीपत्रकावर 'रोगप्रतिकारक' असं लिहिलेलं असतं आणि काउंटरवर ते बोलता बोलता 'कीड-रोगाला दाद देत नाही' असं होऊन जातं. इथेच गल्लत होते. वैभव आणि बीएम २००३-२ भुरीला बऱ्यापैकी तोंड देतात, हे खरं आहे आणि खान्देशात ऑगस्टच्या ढगाळ हवेत त्याची किंमत मोठी आहे. पण भुरी ही बुरशी. पिवळ्या मोझॅकला तोंड देणारे वाण विषाणूशी लढतात. तो विषाणू आणणारी पांढरी माशी त्यांच्या पानावरही बसते, रस शोषते, अंडी घालते. विषाणू आत फारसा वाढत नाही एवढंच. शेजारी मोझॅकला बळी पडणारा वाण असेल तर तुमच्या शेतातली माशी तिकडे रोग घेऊन जाते. रोगाचा प्रतिकार म्हणजे किडीचा प्रतिकार नव्हे.

शेतातल्या किडींपुढे या वाणांची खरी ढाल आहे ती कमी दिवसांची. ६५ ते ७० दिवसांत येणारा आणि शेंगा एकदम पिकवणारा वाण ठिपक्यांच्या शेंग पोखरणाऱ्या अळीला आणि शेंगांवरच्या ढेकण्यांना फारशा पिढ्या काढू देत नाही. विराट तर ५५ दिवसांच्या आतबाहेर आटोपतो. याला प्रतिकार म्हणण्यापेक्षा पळ काढणं म्हणावं. पीक किडीच्या आधी निघून जातं. पण पेरणी जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात गेली की हा फायदा जातो आणि त्याच थैलीला 'फसवं बियाणं' म्हटलं जातं. तो दोष थैलीच्या माथी मारू नये.

खोडमाशी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत येते. बीजप्रक्रिया केलेल्या थैलीत तिच्यापासून थोडं संरक्षण मिळतं. घरी प्रक्रिया करायची असेल तर आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक (लेबलवर मुगाचं नाव असेल तेच), आणि शेवटी पेरणीच्या तोंडावर १० किलोला २५० ग्रॅम रायझोबियम हे जिवाणूखत गुळाच्या पाण्यात कालवून. बी सावलीत सुकवायचं. क्रम उलटला तर जिवाणू मरतात आणि पाकिटाचे पैसे वाया.

भुंगेरा: खरी परीक्षा इथे

कोठीत मुगाला भोकं पाडणारा तपकिरी, गोलसर भुंगेरा कोठीत जन्मत नाही, तो शेतातून येतो. शेंगा पिवळ्या पडू लागल्या की मादी त्यांच्यावर अंडी चिकटवते आणि मळणीनंतर सुट्या दाण्यांवर तेच काम चालू ठेवते. एक मादी ८० ते १०० अंडी घालते. अंडं चार-सहा दिवसांत फुटतं आणि अळी अंड्याच्या तळातूनच थेट दाण्यात घुसते. बाहेर फिरत नाही, म्हणून वरून मारलेली भुकटी तिला लागत नाही. आतच ती वाढते, कोष करते आणि बाहेर पडायच्या जागी सालीची पातळ खिडकी ठेवते. ३० अंशांच्या आसपास सगळा फेरा २५ ते ३० दिवसांचा. प्रौढ भुंगेरा दहा-बारा दिवस जगतो आणि त्याला खायलाही काही लागत नाही. ज्याला आपण 'टोके पडले' म्हणतो ते खाऊन बाहेर आलेले असतात. नुकसान आधीच झालेलं असतं.

दहापट भिंगाखाली दाणा धरला तर अंड्याची अवस्थाही कळते. पारदर्शक थेंबासारखं असेल तर ते ताजं किंवा न फुटलेलं. दुधी पांढरं झालं असेल तर अळी आत गेली आणि तिने मागे भुसा भरला. पांढऱ्या ठिपक्यांचा मूग बियाण्याला ठेवू नका, खायला असेल तर डाळ करून टाका. सालपट काढून दुभंगलेल्या डाळीवर या भुंगेऱ्याचं फारसं चालत नाही. जळगावच्या डाळ मिलचा माल म्हणूनच आख्ख्या मुगापेक्षा निर्धास्त राहतो.

आता मूळ प्रश्न. खान्देशात विकल्या जाणाऱ्या मुगाच्या नेहमीच्या वाणांपैकी भुंगेऱ्याला दाद न देणारा वाण कोणता? उत्तर: एकही नाही. कुणाच्याही शिफारशीत तसा शब्द नाही. या निकषावर सगळ्या थैल्यांना सारखेच गुण, म्हणजे शून्य. पण ही हार निसर्गाची नाही, पैदाशीच्या क्रमवारीची आहे.

गुण आहे, थैलीत नाही

मुगाचा रानटी पूर्वज अजूनही भारतात उभा आहे आणि त्याच जातीचा एक रानमूग मादागास्करमधून गोळा झाला. त्याचा नोंदणी क्रमांक टीसी १९६६. त्याच्या दाण्यात भुंगेऱ्याची अळी शिरते पण वाढू शकत नाही. नेहमीच्या मुगाशी संकर केला तर दुसऱ्या पिढीत प्रतिकारक आणि बळी पडणारी झाडं ढोबळमानाने तीनास एक अशी वेगळी होतात, म्हणजे हा गुण एका प्रबळ जनुकावर पेलला आहे. पैदासकाराला याहून सोपं काय हवं? लागवडीच्या मुगातही हा गुण देऊ शकणारे नमुने सापडले. तैवानमध्ये १९७१ साली स्थापन झालेल्या जागतिक भाजीपाला केंद्रात मुगाचे साडेसहा हजारांहून जास्त नमुने आहेत. त्यातले व्ही २७०९ आणि व्ही २८०२ हे भुंगेऱ्याला दाद देत नाहीत. या नमुन्यांत अळीच्या पचनाला अडवणारी, पेशीभित्तिका फोडणाऱ्या विकरांना रोखणारी प्रथिनं तयार करणारं जनुक पाचव्या गुणसूत्रावर सापडलं आहे. २०१४ मध्ये मुगाचा पूर्ण जनुकसंच जाहीर झाल्यापासून त्या जागेला खुणा लावून रोपावस्थेतच निवड करणं शक्य झालं.

त्या साडेसहा हजारांतून २९६ नमुन्यांचा एक लहान गाभासंच काढलेला आहे. हा आकडा महत्त्वाचा, कारण हजारो नमुने भुंगेऱ्याला खाऊ घालून पाहणं कुणालाच परवडत नाही. तीनशे पाहता येतात.

मग थैलीत का नाही? कारणं रोखठोक आहेत. रानमुगाचा दाणा बारीक, शेंग तडकणारी, वेल पसरणारी. चांगल्या वाणाशी संकर करून पुन्हा पुन्हा त्याच वाणाशी मिसळावं लागतं. पहिल्या परतसंकरात रानमुगाचा वाटा २५ टक्के, दुसऱ्यात साडेबारा, तिसऱ्यात सव्वासहा, पाचव्यात दीड टक्क्याच्या आसपास. खरीप आणि उन्हाळी धरून वर्षाला दोन पिढ्या काढल्या तरी अडीच-तीन वर्षं जातात. एवढं करूनही हव्या जनुकाच्या शेजारची नको असलेली जनुकं चिकटून राहतात. त्यांना सोडवायला खुणांची निवड लागते. त्यानंतर गुण स्थिर करणं आणि अखिल भारतीय चाचण्यांची तीन वर्षं.

दुसरं कारण आणखी साधं आहे. हा गुण शेतात दिसतच नाही. वाणाची निवड होते ती उत्पन्नावर, भुरीवर, एकदम पिकण्यावर. भुंगेऱ्याची परीक्षा काढणीनंतर, प्रयोगशाळेत जिवंत भुंगेरे पाळून करावी लागते आणि त्यात बी खर्ची पडतं. शिवाय भुंगेऱ्याच्या एकाच नव्हे, किमान दोन जाती इथे आहेत. एकीला अडवणारा दाणा दुसरीला अडवेलच असं नाही. फक्त एका जातीवर तपासून 'प्रतिकारक' असा शिक्का मारलेलं बियाणं उद्या आलं, तर ते डोळे झाकून घेऊ नका.

आणखी एक कसोटी लक्षात ठेवा. प्रतिकार सालीत आहे की दाण्याच्या गरात? साल खरबरीत किंवा जाड असल्याने अंडी कमी पडत असतील, तर मळणीयंत्रात दाणा तडकला की तो गुण संपतो. गरातल्या प्रथिनांचा प्रतिकार तडकलेल्या दाण्यातही टिकतो. टीसी १९६६ चा दुसऱ्या प्रकारचा आहे, म्हणून त्याची किंमत.

इतर कडधान्यांतही हेच चित्र. मेक्सिकोतल्या रानटी राजम्यात आर्सेलिन नावाचं प्रथिन मिळालं, ते राजम्याच्या भुंगेऱ्याला अडवतं. नायजेरियातल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेने चवळीचा टीव्हीयू २०२७ हा नमुना शोधला. तो भुंगेऱ्याला थांबवत नाही, त्याची वाढ लांबवतो. हेही काही कमी नाही, कारण फेरा लांबला की वर्षात पिढ्या कमी होतात. नायजेरियात २०१९ मध्ये मंजूर झालेली बीटी चवळी मात्र भुंगेऱ्यासाठी नाही. ती शेतातल्या शेंग पोखरणाऱ्या अळीसाठी आहे. गावातल्या गप्पांत या दोन्हींची सरमिसळ होते, म्हणून सांगितलं.

उडदाचा मामला थोडा बरा. कळण्याच्या भाकरीला लागणाऱ्या उडदाला मुगापेक्षा भुंगेरा कमी त्रास देतो, आणि पश्चिम घाटात आढळणाऱ्या रानउडदात याहून कडक प्रतिकार आहे. पण उडदाच्या पैदाशीत एक वेगळा धोका आहे. खान्देश-विदर्भात वर्षानुवर्षं पेरला जाणारा टीएयू-१ हा भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा १९८५ चा वाण, आणि त्याचा एक पालक टी-९. बरेलीच्या स्थानिक उडदातून निवडलेला हा टी-९ भारतात निघालेल्या उडदाच्या निम्म्याहून जास्त वाणांच्या वंशावळीत सापडतो. नावं डझनभर, आजोबा एकच. त्या आजोबाची एखादी दुबळी बाजू किडीला सापडली की सगळ्या थैल्या एकदम उघड्या पडतात.

मूग, उडीद स्वपरागी आहेत. प्रमाणित बीजोत्पादनात दोन वाणांमध्ये ५ मीटर अंतर पुरतं, पायाभूतला १० मीटर. म्हणजे एका थैलीतली सगळी झाडं जवळपास एकाच साच्यातली. शेतात एकसारखं पीक, एकदम काढणी, बाजारात एक भाव, हे सगळं त्यामुळेच मिळतं. पण थैलीच्या आत विविधता नसते. ती ठेवायची असेल तर दोन-तीन वाण वेगवेगळ्या पट्ट्यांत पेरून. सगळा मूग एकाच वाणाचा घेण्यापेक्षा ६५ दिवसांचा आणि ७५ दिवसांचा असे दोन घ्या. काढणीच्या वेळी पाऊस आला तर एकाला तरी मोड येत नाहीत.

गावरान मुगाबद्दल सरळ सांगायचं तर, 'गावरानाला कीड लागत नाही' हे खरं नाही. दाणा बारीक असल्याने आतल्या अळीला खाद्य कमी पडतं, अंडीही थोडी कमी दिसतात. त्यापलीकडे प्रत्येक गावरान वाण वेगळा, आणि तपासल्याशिवाय कुणाच्याच अंगी गुण चिकटवू नयेत. पण सातपुड्याच्या उतारावर ज्वारी-मक्यात मिसळून पेरलेला मूग, चवळी, वाल अजून टिकून आहे ही चैन समजा. धडगाव भागात बायफ या संस्थेच्या मदतीने उभ्या राहिलेल्या लोक बियाणे बँकांनी मका-ज्वारीचे गावरान वाण राखून दाखवले. मुगा-चवळीचं तसंच राखणं अवघड नाही, कारण स्वपरागी पिकात वाण आपोआप बिघडत नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचं बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त ब्रँडचं नाव लावून विकता येत नाही.

घरच्या घरी तपासणी

दोन थैल्या किंवा थैली आणि गावरान, कोण बरं, हे ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही. प्रत्येकाचे १०० निरोगी दाणे भिंगाखाली निवडून सारख्या काचेच्या बरण्यांत घ्या. प्रत्येकीत नुकतेच निघालेले दहा भुंगेरे सोडा. नर-मादी ओळखता येत नसतील तर वीस सोडा. तोंडाला मलमल बांधा. पाचव्या दिवशी भुंगेरे काढून टाका, अंडी मोजा. विसाव्या दिवसापासून रोज निघालेले नवे भुंगेरे मोजून काढत जा, चाळीस-पंचेचाळीस दिवसांपर्यंत. प्रत्येक वाणाच्या किमान तीन बरण्या हव्यात.

नुसतं भोकं मोजू नका. पैदासकार एक निर्देशांक काढतात: निघालेल्या भुंगेऱ्यांच्या संख्येचा नैसर्गिक लॉगरिदम, गुणिले १००, भागिले वाढीचे सरासरी दिवस. उदाहरणार्थ एका बरणीतून ८० भुंगेरे सरासरी २७ दिवसांत निघाले तर निर्देशांक १६ च्या वर. दुसरीतून ९ निघाले आणि ३८ दिवस लागले तर ६ च्याही खाली. अंडी दोन्हीकडे सारखी असतील तर दुसऱ्याचा गुण गरात आहे. अंडीच कमी असतील तर सालीत.

भुंगेरे सोडायचे नसतील तर साधी चाचणी पुरे. थैली आणल्याबरोबर २०० दाणे बरणीत मलमल बांधून ३५ दिवस ठेवा. काही निघालं तर अळ्या थैलीतच होत्या. हे पेरणीआधी कळायला थैली मे महिन्याच्या सुरुवातीलाच घ्यावी लागते, हा या चाचणीचा तोटा. बिल, टॅग, रिकामी थैली आणि मूठभर बी जपून ठेवा. तालुका तक्रार निवारण समिती त्याशिवाय काही करू शकत नाही.

आता तीन थरांची पिशवी

मूळ कल्पना पश्चिम आफ्रिकेतल्या चवळीसाठी अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठाने विकसित केली. आत ८० मायक्रॉन जाडीच्या दोन प्लॅस्टिक पिशव्या, बाहेर विणलेली गोणी. तत्त्व असं की आतले भुंगेरेच ऑक्सिजन संपवतात. २१ टक्क्यांवरून तो काही दिवसांत पाच टक्क्यांच्या खाली गेला की अळ्या खाणं थांबवतात. अन्न पचताना शरीरात जे पाणी तयार होतं ते बंद पडतं आणि किडा कोरडा पडून मरतो. औषध नाही, वास नाही, बियाण्याच्या उगवणीला धक्का नाही. घरात सल्फॉसच्या गोळ्या टाकण्याची वाईट सवय मोडायला यापेक्षा चांगली वस्तू नाही. या गोळ्यांतल्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडचा वापर प्रशिक्षित लोकांपुरताच मर्यादित आहे, आणि राहत्या घरात तो जिवावर बेततो.

पिशवीचे गुण इथपर्यंत. आता त्रास.

पहिला आणि सगळ्यात मोठा: ओलावा. मुगाची तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात होते आणि १२-१३ टक्के ओलाव्याचा मूग हवाबंद केला तर भुंगेरा मरतो पण बी गुदमरतं, बुरशी धरतं. हवाबंद ठेवायच्या बियाण्याला ८ टक्क्यांपर्यंतच हवा. दाताखाली दाणा 'कट्' करून दोन तुकडे झाला म्हणजे वाळला, हा अंदाज खायच्या मुगाला चालतो, बियाण्याला नाही. मिठाच्या बरणीची युक्तीही १५ टक्क्यांच्या वरचाच ओलावा पकडते. बाजार समितीत किंवा डाळ मिलमध्ये ओलावामापक असतो. तिथे एक वाटी मोजून घ्या.

ऑक्टोबर हीटचा इथे फायदा घ्यावा. आधी नेहमीसारखं वाळवा. मग काळ्या कागदावर दीड-दोन सेंमी थर पसरून वर पारदर्शक प्लॅस्टिक झाका आणि कडा मातीने दाबा. आत ५७ अंश एक तास टिकले तर भुंगेऱ्याच्या सगळ्या अवस्था मरतात. खान्देशच्या दुपारी हे अवघड नाही, पण थर्मामीटर ठेवा. ओल्या बियाण्यावर हा प्रयोग केलात तर उगवण जाईल. पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत भरा, नाहीतर आत घाम धरतो.

दुसरा त्रास: अर्धी पिशवी. ५० किलोच्या पिशवीत २० किलो भरले तर वर उरलेली हवा आत राहते आणि भुंगेऱ्यांना तेवढे जास्त दिवस मिळतात. काठापासून १५-२० सेंमी मोकळे ठेवून भरा, हवा दाबून काढा, आतल्या पिशवीचं तोंड पिळून दुमडून घट्ट बांधा, मग दुसरीचं, मग गोणीचं. तिन्ही एकत्र बांधू नका. बांधल्यावर किमान दीड-दोन महिने उघडू नका. 'बघू तरी' म्हणून उघडलं की ऑक्सिजन परत.

तिसरा: भोकं. उंदीर गोणीसकट कुरतडतो. आतले भुंगेरेही मरण्याआधी आतला थर टोकरतात. दुसरा थर त्यासाठीच आहे. दर हंगामाआधी प्रत्येक पिशवी फुग्यासारखी हवा भरून दाबून पाहा. सुईएवढं भोक असेल तरी ती बियाण्याला नको. नीट वापरली तर तीन हंगाम निघतात. घ्यायची की नाही हे ठरवायला किंमत भागिले तीन, भागिले ५० करा. किलोमागे येणारा आकडा बियाण्याच्या भावापुढे नगण्य, पण काढणीनंतर लगेच विकायच्या मुगाला हा खर्च निरर्थक आहे.

चौथा त्रास खान्देशाचाच. मेमध्ये पारा ४४-४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. बियाण्याचा ओलावा एक टक्का घटला तर आयुष्य दुप्पट, तापमान पाच अंशांनी घटलं तर पुन्हा दुप्पट, असा ढोबळ नियम आहे. पिशवी ओलावा राखते, उष्णता नाही. धाब्याच्या किंवा मातीच्या घराच्या आतल्या खोलीत, फळीवर, भिंतीपासून फूटभर दूर ठेवलेली पिशवी पत्र्याखालच्या पिशवीपेक्षा नक्कीच बरी उगवते.

एक-दोन एकरवाल्याला ५० किलोची पिशवी घ्यायची गरजच नाही. मुगाचं बी लिटरला सुमारे ८०० ग्रॅम बसतं, म्हणजे दोन लिटरच्या बाटलीत दीड किलोच्या वर. एका एकराचं ६ किलो बी चार बाटल्यांत जातं. बाटल्या पूर्ण कोरड्या, काठोकाठ भरलेल्या, झाकणाखाली रबरी चकती, वर मेणाचा थर. बाटलीवर वाण, काढणीची तारीख आणि कितवी पिढी ते लिहा. दुकानातलं निळ्या टॅगचं बी पहिली पिढी धरून तिसऱ्यानंतर नवीन घ्या. गावरानाला ही मर्यादा नाही, तिथे पिवळट, बारीक, वेगळ्या रंगाचे दाणे दरवर्षी निवडून काढले की पुरे. बाटली उघडायची ती पेरणीच्या आठ दिवस आधी, कारण त्यातले सात दिवस उगवण तपासायला लागतात.